अडीचशे लाभ

हळद शिजायला लागली की आमचं गाव आंधळं होतं. कुणाच्या ना कुणाच्या वावरात भट्टी पेटलेली असते, आणि डोंगरकड्याकडून येणारा रस्ता मधेच वाफेत बुडतो. मोटारसायकलवाले दिवसाउजेडी दिवा लावून येतात. वास तर असा, की अंगावरचं धुतलं तरी जात नाही. कडवट, ओल्या मातीचा, थोडा दवाखान्यासारखा. नव्या सुनांना पहिल्या वर्षी मळमळतं, पुढच्या वर्षी कळत पण नाही. मला जन्मभर तो वास आवडला. यंदा आवडून नाही राहिला. यंदा वास आला की आधी वाटतं, आलं पुन्हा.

पाला कापला, खोदाई झाली, बायांनी गड्डे आणि हळकुंडं वेगळी केली. मी हो म्हणलं तरी कामं होतात, नाही म्हणलं तरी होतात. मालक बाजेवर दिसला म्हणजे पुरे. गावात बहुतेकांनी आता वाफेचे कुकर आणले आहेत. ट्रॅक्टरला जोडून आणायचे, एवढा मोठा ढीग दिवसात मोकळा. आमच्याकडं अजून उघडी कढई. ती म्हणायची, "कुकरात काय चाललंय ते दिसत न्हाई. जे दिसत न्हाई ते शिजलं का बिघडलं, कोणाला कळतंय?" आता ती नाही, तरी यंदाही कढईच लावली. रीत मोडायलाही अंगात जोर लागतो, तो कुठून आणू?

ती म्हणजे आमची कौसाबाई. नवरात्र सरलं आणि गेली. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, घरचीच हळद लावली. बाया म्हणल्या, अहेव गेली, पुण्याची गेली. मी ऐकून घेतलं. पुण्य तिचं, मागं राहिलो मी. ह्या मागं राहण्याला कोणी काही चांगलं नाव ठेवलेलं नाही.

तेराव्याला एक महाराज बोलायला आणले होते. गोड बोलले. म्हणाले, अशा माउलीला न्यायला वरून विमान येतं. पुढच्या बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. मी शेजारी बसलेल्या मेव्हण्याला म्हणलं, "विमान कसं येतं ते आमच्या घरात माहीत आहे. एकदम येत न्हाई ते. आधी हळू करावं लागतं." तो म्हणाला, "दाजी, गप बसा जरा. लोक बघून राहिले." गप बसलो. पण मी काही भ्रमात बोललो नव्हतो. माझी नात ऋतुजा खरंच विमान चालवते. धाकट्या पोराची पोरगी, पुण्यात वाढली. आणि विमान उतरण्याआधी हळू कसं करतात, हे आमच्या कौसाबाईनं एक अख्खा हळदीचा हंगाम ह्या कढईपाशी बसून ऐकलेलं होतं. ऐकलेलं म्हणजे काय, तिनंच करवून घेतलं होतं.

तो हंगाम तीन-चार वर्षांमागचा. हळद उकरून ढीग लागले होते आणि ऋतुजा पाठीला पिशवी लावून वारंगा फाट्यावर उतरली. आधी फोन नाही, काही नाही. फाट्यावरून कुणाच्या तरी टेम्पोत बसून घरी आली. तोंड एवढंसं झालेलं. लहान विमानाचं शिकून झालं होतं, आता मोठ्या विमानाचं चाललं होतं. ते शिकवतात एका डब्यात. डबा जागेवरच असतो, नुसता हलतो डुलतो, आत बसलेल्याला वाटतं खरं विमान आहे. त्या डब्यातल्या परीक्षेत ती नापास झाली होती.

मी म्हणलं, "डबा तर जागचा हलत न्हाई म्हणतीस. मग नापास कशी झालीस?"

"वेगात आले आबा."

"जागच्या जागी?"

त्यावर ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. कौसाबाईनं मला डोळे दाखवले. तिचे डोळे दाखवणं म्हणजे पुढं जेवण मिळायचं नाही असं असायचं. मी भट्टीकडं गेलो.

संध्याकाळी पोरीनं सगळं सांगितलं. मोठ्या शहराजवळ विमानांची दाटी असते. सगळ्यांना एकाच पट्टीवर उतरायचं असतं. म्हणून नियम आहे, की दहा हजार फुटांच्या खाली आलं की अडीचशेच्या वर वेग ठेवायचा नाही. त्याच्यापुढं खालचा माणूस कानात सांगतो, आता दोनशे दहा करा, आता एकशे ऐंशी, आता एकशे साठ. एकामागं एक, कोणी पुढच्याच्या अंगावर जायचं नाही. आणि मोठं विमान असं असतं, की ते खाली येताना हळू व्हायला मागत नाही. उतारावरच्या गाडीसारखं पळतं. दोन्ही एकदम करायला गेलं की फसतं. आधी हळू व्हायचं, मग उतरायचं. हिनं काय केलं, उशीर झाला म्हणून नाक खाली घातलं आणि तशीच दाटीत शिरली. परीक्षा घेणाऱ्यानं डबा बंद केला.

"पुढच्या महिन्यात पुन्हा बसवणार आहेत," ती म्हणली. "ह्या वेळी नापास झाले तर घरी पाठवतील. मग विमान संपलं."

हे लेकरू लहानपणापासून घाईचं. भाकरीचा पहिला घास तोंडात, दुसरा हातात, तिसऱ्यावर डोळा. चालताना चपला मागं राहायच्या. आमच्या घरात असं कोणी नव्हतं. कौसाबाई म्हणायची, पुण्याचं पाणी आहे.

तर ती पोरगी दुसऱ्या दिवसापासून अंगणात येरझारा घालत पाठ करायला लागली. दहा हजाराच्या खाली अडीचशे नॉट. त्याच्याखाली दोनशे दहा नॉट. त्याच्याखाली एकशे ऐंशी नॉट. कौसाबाई कढईत टोपल्या रिकाम्या करून घेत होती. तिच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"आगं माय, काय बोलून राहिली तू? कशाचे नाट?"

आमच्याकडं नाट म्हणजे साधी गोष्ट नाही. माणूस कामाला निघाला आणि मागून कोणी विचारलं, "कुठं चालला?" की नाट लागला. काम होत नाही. परत येऊन पाणी पिऊन बसावं लागतं. आणि ही परीक्षेला जाणारी पोरगी सकाळपासून अडीचशे नाट, दोनशे दहा नाट म्हणत घराला फेरे घालून राहिलेली.

"नाट न्हाई आजी, नॉट. वेगाचं माप आहे ते. ताशी किलोमीटर असतं ना, तसं."

"माप असंल. पण नाव काहून असं ठेवलं? दुसरं नाव न्हाई सापडलं त्याईला?"

"इंग्रजी आहे गं ते."

"इंग्रजीत असंल, कान तर माझा मराठीच हाय. म्हणून म्हणते नापास कशी झाली. रोज अडीचशे नाट लावून घेतेस, कोण पास होईल?"

त्या संध्याकाळी मीठ-मोहरीनं पोरीची दृष्ट काढली. ऋतुजा निमूट बसली. काढून झाल्यावर माझ्याकडं बघून हळूच म्हणली, "आबा, आता उतरले ना सगळे?" मी म्हणलं, "अडीचशे होते. मोहरी कमी पडली असंल."

आमच्या कौसाबाईला वाईट शब्द तोंडातून काढायचा नसायचा. दिवा विझला म्हणायची नाही, वाढवला म्हणायची. बांगडी फुटली नाही, वाढवली. खळ्यावर मापताना पहिल्या मापाला एक म्हणायची नाही, लाभ म्हणायची. जुनी माणसं सगळीच म्हणायची. आता क्विंटलचा काटा आला, कोण लाभ म्हणतं? पण ती कढईत हळद टाकताना टोपल्या मोजायची, तेव्हा सुद्धा पहिली टोपली लाभ. लाभ, दोन, तीन, चार. भट्टीवर जाळ घालणारा शेषराव तिची नक्कल करायचा. एक बिडी मागायची झाली तरी म्हणायचा, "मालक, लाभ बिडी द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं निकाल देऊन टाकला. घरात नाट म्हणायचं नाही. माप पाहिजे ना, मग लाभ म्हण. अडीचशे लाभ.

पोरीनं कपाळावर हात मारला. "आजी, मला तिथं नॉटच म्हणावं लागतं. तोंडात लाभ बसलं आणि तिथं निघालं तर?"

"निघालं तर निघालं. लाभच म्हणलीस ना? शिवी तर न्हाई दिली कोणाला."

ऋतुजानं पिशवीतून एक मोठं चित्र काढलं. विमानाच्या पुढच्या भागाचं, सगळी घड्याळं आणि खटके छापलेले. ते तिनं गोठ्याच्या भिंतीला, कढईसमोर डकवलं. समोर एक खुर्ची ठेवून बसायची आणि रिकाम्या हवेत हात हलवायची. पण बाजूला बोलणारं माणूस लागतं. खालून वेग सांगणारं. शेषराव पुढं सरकला तर कौसाबाई म्हणली, "तू जाळ बघ. मी बसते."

आणि ती बसली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाठांतर पक्कं. अडीचशे, दोनशे दहा, एकशे ऐंशी, एकशे साठ. वाफ अंगावरून जायची, आणि वाफेतून तिचा आवाज यायचा. "पोरी, पुढं दाटी हाय. दोनशे दहा लाभ कर." पोरगी उत्तर द्यायची, टू वन झीरो, आणि तिथं थांबायची. पुढचा शब्द नॉट. म्हणलं की आजी उठून जाणार. एक आवंढा गिळायची, समोरच्या चित्रातल्या वेगाच्या घड्याळाकडं बघायची, आणि मग बारीक आवाजात म्हणायची, लाभ.

"मोठ्यानं बोल. खालच्या माणसाला ऐकू जायचं न्हाई."

"लाभ!"

गावातले लोक हळद बघायच्या निमित्तानं हे बघायला यायचे. कोणी विचारायचं, विमान कुठवर आलं? शेषराव म्हणायचा, "फाट्यावर आलंय. पुढं ट्रक हाय, थांबलंय." एक दोघं हसायचे. कौसाबाई त्यांच्याकडं बघायची पण नाही. पोरगी घाईनं हात पुढच्या खटक्याकडं नेऊ लागली की ही फक्त एवढं म्हणायची, "आधी काय सांगितलं? मग?" हात मागं यायचा.

एकदा डोक्यावरून खरं विमान गेलं, खूप उंचावरून, पांढरी रेघ ओढत. कौसाबाईनं मान वर करून हाक दिली, "दमानं गं!" ऋतुजा म्हणली, "आजी, ते पार वर आहे. तिथं अडीचशेचा नियम नसतो." "मग तर जास्तच सांगाय पाहिजे," ती म्हणली. "जिथं कोणी अडवत न्हाई तिथंच माणूस चुकतंय."

आता बसल्या बसल्या मला एक गोष्ट दिसते. त्या वर्षापर्यंत भट्टी चालू असताना ती कधी खुर्चीवर बसलेली मी पाहिली नव्हती. कढईच्या कडेला उभी असायची. काडी टोचून बघायची, फेस बघायची, वास घ्यायची, शिजली म्हणायची तेव्हा शिजलेली असायची. त्या हंगामात बसली. टोपल्या शेषरावच्या बायकोला उचलू दिल्या. काडी माझ्या हातात दिली, म्हणली, "तुमी बघा." आम्हाला सगळ्यांना वाटलं, पोरीसाठी बसली. पुढं नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, दुखणं बऱ्याच वर्षांचं आहे. तिनं कधी शब्द काढला नाही. वाईट शब्द तोंडातून काढायचा नसायचा, म्हणलं ना. दम लागतो हा सुद्धा तिच्या लेखी वाईटच शब्द असंल.

पोरगी परीक्षेला निघाली तेव्हा कोणी कुठं चालली विचारलं नाही. सगळ्या गावाला ताकीद होती. फाट्यावर बशीत बसेपर्यंत लोक नुसते बघत उभे. एक म्हातारा तर तोंडावर हात ठेवून उभा होता.

निकालाचा फोन आला तेव्हा आम्ही वाळलेली हळद गोळा करत होतो. ऋतुजाचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायचं काम नव्हतं.

"आजी, पास!"

"तोंडातून काय निघालं?"

"नॉटच निघालं. पण आधी मी थांबले गं. दर वेळी तो शब्द आला की थांबले. मला वाटायचं आता लाभ निघंल, म्हणून आवंढा गिळायचे. आणि थांबले की वेगाच्या घड्याळाकडं नजर जायची. दर वेळी. एकदा पण पुढं गेला न्हाई वेग."

कौसाबाईनं फोन माझ्याकडं दिला आणि हळद पाटीत भरायला लागली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. म्हणली, "मोजा तुमी. माझं चुकंल आता." मी मोजलं. लाभ, दोन, तीन. मला ते लाभ बिभ म्हणायची सवय नव्हती, त्या दिवशी म्हणलं.

ह्या पोरीच्या नोकरीचं असं आहे, की एकदा पास होऊन भागत नाही. दर सहा महिन्यांनी त्याच डब्यात बसवतात. नापास झालं तर विमानातून खाली. त्यामुळं दर सहा महिन्यांनी, परीक्षेच्या आधी, ऋतुजाचा फोन यायचा. कौसाबाई जिथं असेल तिथं बसायची आणि वेग सांगायची. कधी चुलीपुढं, कधी ओट्यावर, शेवटी शेवटी खाटेवर पडून. आवाज बारीक झाला होता. पोरगी म्हणायची, ऐकू येतंय आजी, बराबर येतंय. ऐकू येत नसंल तरी म्हणत असंल.

परवा यंदाची पहिली कढई लावली. शेषरावनं पऱ्हाट्या आणून टाकल्या, जाळ धरला. ऊन कलायला आलं होतं आणि फोन वाजला. ऋतुजा. कौसाबाई गेल्यानंतरची पोरीची पहिली परीक्षा, दुसऱ्या दिवशी.

"आबा, भट्टी लागली?"

"लागली."

"वास येतोय इथवर."

"येत न्हाई. उगं काही बोलू नको."

मग म्हणली, "आबा, तुमी बसता का आजीच्या जागेवर? नुसतं वेग सांगायचे. मी लिहून पाठवते."

मी म्हणलं, "मला न्हाई जमायचं."

खरंच जमलं नसतं. मला आकडे येतात, वाचता येतं. तिला काहीच येत नव्हतं. पण त्या जागेवर बसून तिचे शब्द आपल्या तोंडानं काढायचे म्हणजे माणूस गेलं हे आपल्याच कानानं ऐकायचं. एवढी ताकद उरलेली नाही. मी गोल गोल बोललो नाही. पोरगीही रडली-बिडली नाही. म्हणली, "बरं. मग फोन ठेवू नका. मी एकटीच म्हणते. तुमी काही बोलायचं न्हाई. फक्त चालू असू द्या."

फोन मी उलट्या टोपलीवर ठेवला. पोरगी बोलायला लागली. खालच्या माणसाचंही तीच बोलायची, विमानातलंही तीच. दहा हजार फूट, अडीचशे. दाटी आहे, दोनशे दहा करा. मग थांबायची. मला माहीत होतं ती कुठं थांबते आणि काहून. त्या थांबण्यात कढईचा खदखदाट तेवढा ऐकू यायचा. एकदा माझं तोंड उघडलं होतं. मी जाळात दोन पऱ्हाट्या सारल्या. एकशे ऐंशी. पुन्हा थांबली. वाफ माझ्या तोंडावरून गेली, डोळ्याला लागली, मी पुसले. मधेच वाटलं पोरगी चुकली, आता घाई करणार. केली नाही. एकशे साठ. चाकं खाली. आणखी काय काय म्हणली ते मला कळलं नाही, पण आवाज एकसारखा होता, शेवटपर्यंत.

"आबा, उतरले."

"बरं."

"आहात ना?"

"हाय. कुठं जातो? जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"मग जेव. सकाळी पण खाऊन जा."

फोन बंद करून वळलो तर शेषराव कढईपाशी काडी घेऊन उभा. काडी हळकुंडात अशी शिरली जशी लोण्यात. "मालक, गेली की हळद!" तो म्हणाला. "मी सारखं तुमच्याकडं बघून राहिलो, उतरवू का म्हणून. तुमी तर मलाच गप राहा म्हणून हात केला." हात केल्याचं मला आठवत नाही. केला असंल. उभ्या जन्मात ह्या भट्टीवर एकही कढई जास्त शिजली नव्हती. हळकुंडं मऊ पडली, रंग उतरला. शेषरावचा चेहरा असा, जसं त्याच्याच घरचं काही बुडालं. मी म्हणलं, "असू दे. वाळत टाक."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तीच हळद खळ्यावर पसरत होतो. अंगात दम नव्हता, बसून बसून पसरत होतो. ऋतुजाचा फोन आला.

"झालं आबा. पास."

"चांगलं झालं."

"काय करून राहिलात?"

"काल तू बोलत होतीस तवा एक कढई जास्त शिजली. ती वाळवून राहिलो."

"अरे देवा. माझ्यामुळं."

"तुझ्यामुळं काहून? भट्टी माझी हाय. बाजारात आता कोणी हात लावायचं न्हाई हिला. घरीच खावी लागंल."

"अख्खी कढई? आबा, तुमी एकटे. किती खाल?"

समोर खळंभर पिवळं पसरलेलं होतं. मी किती खाणार? भाजीला चिमूटभर, तेही आठवण राहिली तर.

"म्हणून तर म्हणतो," मी म्हणलं. "न्यायला ये."